नावे की जमा?

बी.कॉम.चं पहिलं वर्ष. हिशेबाचा तास, फळ्यावर तीन ओळी. घेणाऱ्याचं खातं नावे (डेबिट), देणाऱ्याचं जमा (क्रेडिट). येणारी वस्तू नावे, जाणारी जमा. खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. वर्गातल्या बऱ्याच जणांना हे अकरावीपासून पाठ आहे. बारावी सायन्स करून आलेल्यांना सगळंच नवं. तरी अडखळतात दोघंही, आणि एकाच जागी.

घोडं पेंड खातं ते 'जमा' या शब्दापाशी. घरात आपण म्हणतो, पगार जमा झाला. पासबुकातही तेच छापलेलं. इथं मात्र सर सांगतात : बँकेत पैसे भरले, बँक खातं नावे! पासबुक ही बँकेच्या वहीतली नक्कल आहे, हे फार उशिरा उमगतं. आपण ठेवलेली रक्कम म्हणजे बँकेचं आपल्याला देणं, म्हणून तिच्या वहीत जमा. आपल्या वहीत तेच येणं, म्हणून नावे. व्यवहार एकच, वह्या दोन. आम्हाला मनापासून वाटतं, पहिला तास पासबुक हातात देऊनच घ्यावा. सूत्रं मागाहून पाठ झाली तरी चालतील.

प्रत्येक व्यवहार एकदा नावे, एकदा जमा लिहायचा, ही द्विनोंदी पद्धत इटालियन गणितज्ञ लुका पाचोलींनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या पुस्तकात मांडली. तिथले व्यापारी ती आधीपासूनच वापरत होते.

कीर्द झाली, म्हणजे व्यवहार ओळीनं लिहून झाले. खतावणी झाली, म्हणजे ते खात्यांत उतरवून झाले. आता तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची बेरीज जुळते का ते पाहणं, आणि फरक येतो ९० रुपयांचा. मागच्या बाकावरची मुलगी तिसऱ्यांदा बेरीज करते. शेजारीण सांगते, नऊनं भाग जातोय ना, मग आकडे उलटे पडलेत का बघ. सापडतं : ५४० च्या जागी ४५०. तसं नसतं, तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची. नोंद चुकीच्या बाजूला गेली असेल, तर ती तिथं भेटते. हा शोध टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसून शिकता येत नाही. तिथं दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय नोंद पुढेच सरकत नाही.

तेरीज जुळते. मुलगी वही मिटायला लागते. सर तिच्या खातेवहीतल्या एका ओळीवर बोट ठेवतात : दुकानात वापरायला घेतलेला फ्रिज. तो विकायच्या मालात, खरेदी खात्यात लिहिलाय. बेरजेला त्याचा पत्ताच लागलेला नाही.

ती पुन्हा पेन उघडते.