राजीनाम्याआधी एक गेम

नमस्कार श्रोतेहो. चालू नोकरी सोडून व्हिडिओ गेम बनवायच्या कामात उतरावं का, हा प्रश्न हल्ली सोलापुरातली बरीच पोरं विचारतात. माझं सांगणं एकच. आधी एक छोटा गेम पुरा करा. पुरा, म्हणजे सुरू होतो, संपतो आणि दुसऱ्याच्या फोनवरही चालतो.

आमच्या शेजारचा पोरगा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. जेकार्ड मागाची डिझाइनं करतो, संगणकावर एकेक चौकट रंगवत. तर हा मला म्हणाला, "काका, राजीनामा लिहून ठेवलाय." मी म्हटलं, राहू दे खिशात. रात्री जेवण झालं की गोडो उघड, गेम बनवायचं सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं.

त्यानं गेम केला. मांजर मागाच्या धाग्यांवरून उड्या मारत जातं. गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत त्यानं भाचीच्या हातात फोन दिला. टिचकी मारली की मांजर उडी घेणार, असा त्याचा हिशोब. पोरगी बोटानं मांजर ओढायला लागली. मांजर ढिम्म. हा सांगायला तोंड उघडणार, मी हात दाबला. पोरीनं फोन परत दिला, "मामा, याला चालताच येत नाही."

त्याच रात्री त्यानं मांजर ओढण्यावर चालवलं. मग उडी बिघडली. उडी सुधारली तर आवाज दोनदा यायला लागला. उन्हाळा लागला तरी हेच. कंटाळलास का, विचारलं तर म्हणाला, "गेम खेळायला बसलो की झोप येते काका. दुरुस्तीला बसलो की उडते." तेव्हा मला पटलं, हा या कामाचा माणूस आहे.

खेळायची आवड वेगळी, बनवायची वेगळी. पुन्हा सांगतो, वेगळी. पैशाचंही बघा. स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, गेम ठेवायला 100 डॉलर भरावे लागतात, वर विक्रीतले साधारण 30 टक्के ते ठेवतात. 2023 आणि 2024 मध्ये जगभरच्या स्टुडिओंनी हजारो लोकांना घरी बसवलं. पुण्यात स्टुडिओ आहेत, युबिसॉफ्ट या मोठ्या फ्रेंच गेम कंपनीचाही आहे; पण अर्जासोबत चालणारा गेम हवा.

आमच्या पोराचा राजीनामा अजून खिशातच आहे. घराचा हप्ता आहे. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला की पुण्याला अर्ज करणार.

तुमचा गेम तयार असेल, तर घराबाहेरच्या तिघांना खेळायला द्या. आणि ते खेळत असताना एक शब्द बोलू नका.