पंधरा ते आठ

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात शिक्षक आणि पालकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. सुट्टीत गणित मंडळातल्या मुलांना काय द्यायचं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला फोनवर विचारलं, म्हणून आज तेवढ्यावरच बोलते.

आमचं मंडळ सुरू झालं त्या वर्षी मी दिवाळीसाठी वीस उदाहरणांचा एक कागद तयार केला होता. आईने १२० करंज्या केल्या, त्यातल्या एक तृतीयांश शेजारी वाटल्या, अशी सगळी उदाहरणं. कोपऱ्यात पणतीचं चित्र. सातवीतल्या एका मुलीने तो कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, "बाई, करंज्यांच्या जागी पेन्सिली घातल्या तर चालेल?" चालणारच होतं, उत्तर तेच आलं असतं. सणाचं गणित मी केलंच नव्हतं, अपूर्णांकांना फक्त सणाचे कपडे घातले होते. तेव्हापासून प्रत्येक उदाहरणाला मी त्या मुलीचा प्रश्न विचारते. वस्तू बदलूनही गणित जसंच्या तसं राहत असेल, तर ते उदाहरण मी काढून टाकते.

मग सणातलं गणित सापडतं कुठे? मला ते पहिल्यांदा रांगोळीत सापडलं.

माझी आजी वर्तमानपत्राच्या जाड घडीला उदबत्तीने भोकं पाडून ठिपक्यांचा कागद करायची. गेरूने सारवलेल्या अंगणात तो पसरायचा, वरून रांगोळी फिरवायची आणि कागद अलगद उचलायचा. "आज पंधरा ते आठ," असं ती सांगायची. म्हणजे मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली चौदाची, मग तेराची, असं करत आठवर थांबायचं. प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. कडा जोडल्या की षटकोन होतो. आता सांगा, एकूण ठिपके किती?

मुलं आधी बोटाने मोजतात आणि हमखास चुकतात. मग कुणाला तरी दिसतं, की वरचा भाग आणि खालचा भाग सारखाच आहे. आठ ते चौदाची बेरीज ७७. दोन्हीकडचे मिळून १५४, त्यात मधले १५, एकूण १६९. आमच्या वर्गात हे फळ्यावर लिहिलं गेलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हा तर तेराचा वर्ग!" मी इतकी वर्षं ही रांगोळी काढत होते, माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं. या १६९कडे मी परत येणार आहे.

त्याआधी याहून साधी रांगोळी घेऊ. मधली ओळ चारची आणि दोन्हीकडे थेट एकपर्यंत. एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. बेरीज सोळा, म्हणजे चार चोक. कागद थोडा तिरका धरा, चार बाय चारची चौकटच समोर दिसते. आता ११११ला ११११नेच गुणा. उत्तर येतं १२३४३२१. अगदी तीच रांगोळी, ओळीने लिहिलेली! या जातीच्या संख्यांचा अभ्यास दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी केला. त्यांचं माध्यमिक शिक्षण इथे ठाण्यात झालं आणि पुढे ते देवळालीला शाळेत शिकवत होते. या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' असं नाव दिलं, डोंबिवली स्टेशनच्या त्या काळातल्या नावावरून, कारण कल्पना त्यांना तिथे सुचली होती. रोज डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्या मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आपल्या स्टेशनच्या नावाच्या संख्या आहेत, ही लहान गोष्ट नाही.

आता षटकोनाकडे वळू. मागच्या दिवाळीत मी मुलांना एवढंच सांगितलं होतं, की पहिल्या दिवशी दारात एकच ठिपका द्या, दुसऱ्या दिवशी तीन ते दोन, तिसऱ्या दिवशी पाच ते तीन, चौथ्या दिवशी सात ते चार आणि पाचव्या दिवशी नऊ ते पाच. रोजचे ठिपके वहीत लिहा आणि एकूण बेरीज ठेवत जा. रोजचे आकडे आले १, ७, १९, ३७, ६१. एकूण होत गेले १, ८, २७, ६४, १२५. भाऊबीजेच्या संध्याकाळी एका मुलाचा मला फोन आला, "बाई, हे सगळे घन आहेत, पण का?"

तो 'का' महत्त्वाचा. सुट्टीनंतर त्याच मुलाने उत्तर आणलं, तेही रुबिक क्यूबच्या रूपात. क्यूबचा एक कोपरा बरोबर डोळ्यांसमोर धरला, की तीन बाजू दिसतात आणि बाहेरची कड षटकोनी दिसते. त्याने दिसणारे छोटे ठोकळे मोजायला लावले. तीन बाजूंचे मिळून १९. म्हणजे पाच ते तीनची रांगोळी! हे १९ सोलून काढले, की मागे दोन बाय दोन बाय दोनचा क्यूब उरतो, आठ ठोकळ्यांचा. त्याचे सात सोलले, की एक. पाच दिवसांच्या पाच रांगोळ्या म्हणजे एका घनाची पाच सालं होती. यात रांगोळीच्या जागी पेन्सिली घालून बघा बरं.

दुसरं ठिकाण पंचांग. ठाण्यात कोकणातल्या लोकांच्या घरी "पुढच्या वर्षी गणपती कधी?" हा प्रश्न खराच विचारला जातो, कारण गाडीचं आरक्षण त्यावर ठरतं. म्हणून मुलांना तारखा शोधून आणायला सांगा. गणेश चतुर्थी २०२२ साली ३१ ऑगस्टला होती, २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. बारा दिवस मागे, अकरा दिवस मागे, पण २०२३मध्ये एकदम एकोणीस दिवस पुढे. असं का? चांद्रमास साधारण २९.५३ दिवसांचा, बारा महिन्यांचे ३५४ दिवस. सौर वर्षाला जवळजवळ अकरा कमी पडतात. हा फरक साठत साठत एका महिन्याएवढा व्हायला किती काळ लागेल? भागाकार करा, साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास येतं. आजी ज्याला अधिक महिना म्हणते, तो मुलांच्या वहीत भागाकारातून उतरतो. एकोणीस वर्षांत असे सात अधिक महिने येतात, त्यामुळे एकोणिसाव्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी पुन्हा जवळपास एकत्र भेटतात. हे घरी जाऊन आईच्या पत्रिकेशी ताडून बघायला सांगा.

दहीहंडीचं फक्त एक उदाहरण सांगते. २०१२ साली ठाण्यात नऊ थरांचा मनोरा लागला, उंची ४३.७९ फूट. नऊने भागलं तर एका थराला पाच फूटसुद्धा येत नाहीत. गोविंदा काय इतके बुटके असतात? पथकात जाणारा आमचा एक विद्यार्थी लगेच उठून म्हणाला, "बाई, आम्ही डोक्यावर नाही, खांद्यावर उभे राहतो!" त्या दिवशी सरासरी त्याने शिकवली.

आता १६९. ज्या मुलीने मला पेन्सिलींचा प्रश्न विचारला होता, ती आता दहावीत आहे. तिने विचारलं, की षटकोनात बसणारे आणि चौकोनातही बसणारे ठिपके आणखी कुठल्या रांगोळीत आहेत? एकचा ठिपका सोडला तर १६९ पहिली. पुढची? सतरा ते नऊमध्ये नाही, एकोणीस ते दहामध्येही नाही. मुलं दोन आठवडे वहीत शोधत होती. शेवटी दोघांनी संगणकावर छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि पुढची रांगोळी निघाली दोनशे नऊ ते एकशे पाच. ठिपके ३२,७६१, म्हणजे १८१चा वर्ग.

एकेक इंचावर ठिपका दिला तर ही रांगोळी सतरा फूट चार इंच रुंद आणि पंधरा फूट उंच होते. शाळेचं अंगण पुरतं, हे मुलांनी टेप लावून पाहिलं आहे. सेकंदाला एक ठिपका धरला तर एकटीला नऊ तास सहा मिनिटं लागतील, म्हणून दहा जणींचे गट ठरले आहेत. रांगोळी किती किलो लागेल, याचा हिशोब चालू आहे. त्यासाठी काल एकीने घरी शंभर ठिपके काढले, ते झाडून गोळा केले आणि आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले.