नवी रायफल आणि सफाईची पेटी

नमस्कार श्रोतेहो.

२०१० साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारातलं, कांस्यपदक घेतलं. आता मुलगी किंवा मुलगा नेमबाजी शिकतो म्हणाला, तर घरचे नाक मुरडत नाहीत, पैशांची जुळवाजुळव करतात. रायफल घरी येते. आणि मग प्रशिक्षकाला हमखास प्रश्न येतो, "सर, सफाईचं काय काय घ्यायचं?" दुकानात तयार पेटी मिळते. तीन तुकड्यांची स्क्रूनं जोडायची सळई, चार ब्रश, दोन बाटल्या. बहुतेक जण तीच उचलतात. ती उचलू नका, एवढंच सांगायला मी आज आलो आहे, आणि का उचलू नका तेही.

आपल्या खेळातल्या गोळ्या मऊ शिशाच्या असतात. नळी असते पोलादाची. शिसं पोलाद खात नाही, त्यामुळे नीट वापरलेली पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाच्या रायफलीची, नळी वर्षानुवर्षं चालते. ती बिघडते बहुतेक वेळा साफ करताना. तुकड्यांची ॲल्युमिनियमची सळई आत घातली की जोडावर वाकते आणि नळीला घासत जाते. ॲल्युमिनियम मऊ, त्यात बारीक खर रुतून बसते, आणि मग प्रत्येक फेरीला नळीच्या पीळदार खाचांवर पॉलिश पेपर फिरतो. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे नळीचं तोंड, ज्याला आपण क्राउन म्हणतो. गोळीचा रायफलशी शेवटचा संबंध तिथे येतो. तिथली कड एका बाजूनं जरी झिजली, तरी मागची हवा आधी त्या बाजूनं सुटते आणि गोळीला धक्का बसतो. एअर रायफलच्या निशाणावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा आहे. तिथे असला धक्का परवडत नाही.

म्हणून पैसे घालायचे ते सळईवर. अखंड, एका तुकड्याची सळई घ्या, कार्बन फायबरची किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी. मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी, म्हणजे कापड खाचांच्या पिळाबरोबर वळत जातं. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलला साधारण ९० सेंटिमीटर लांबी लागते, पण आधी आपली नळी आणि बोल्टची, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची, जागा मोजा. पॉइंट टू-टूचं बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, ५.६ मिलिमीटर, एअर रायफलचं ४.५. एकाची सळई दुसऱ्याला चालत नाही. सळईच्या टोकाला पितळी जॅग, म्हणजे कापड धरणारं टोक, लावायचा. आणखी एक वस्तू दुकानदार आपणहून दाखवत नाही, ती मागून घ्या, बोअर गाइड. बोल्ट काढून त्या जागी हा पोकळ गाइड बसवला की सळई सरळ मध्यातून जाते, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेला लागत नाही. सळई नेहमी मागून घालायची, पुढून कधीच नाही. जॅग तोंडातून बाहेर आला की कापड काढून घ्या, मग सळई सावकाश मागे ओढा. दर फेरीनंतर सळई पुसा.

कापडासाठी फार खर्च नको. विकतचे फ्लॅनेलचे पॅच चांगलेच, पण धुऊन मऊ झालेलं जुनं सुती धोतरसुद्धा उत्तम काम देतं. कापून पाहा, जॅगवर घालून बोटाच्या दाबानं जाईल इतकाच तुकडा हवा. ढकलायला ताकद लागली तर तुकडा मोठा आहे. ज्यांनी एनसीसी केली आहे त्यांना चिंदी आणि ती नळीतून ओढायची दोरी, पुल-थ्रू, आठवत असेल. तिथली शिस्त अशी की गोळीबार झाला की रायफल साफ झालीच पाहिजे. अनेक वडील हीच शिस्त मुलांना लावतात, आणि इथे मी थोडा अडतो. या शिस्तीला जुनं कारण आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या काडतुसांच्या ठिणगी देणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत मिठासारखा क्षार उरायचा, तो हवेतलं पाणी ओढायचा आणि पोलादाला गंज चढायचा. सैनिक नळीत उकळतं पाणी ओतायचे ते यासाठी, कारण क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. आजच्या मॅचच्या काडतुसात तो क्षार नाही, त्यामुळे नळी आतून रोज घासायची गरज नाही. बाहेरून मात्र रोज पुसा, कारण हाताच्या घामात मीठ आहे आणि बोल्टवर, नळीवर बोटांचे ठसे खरोखर गंजून उठतात.

मग नळी साफ करायची कधी? पॉइंट टू-टूच्या मॅच गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो. तो नळीत आत बसला की गोळ्या एका जागी पडायला लागतात. स्वच्छ केलेली नळी काही गोळ्या होईपर्यंत इकडेतिकडे मारते. त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी घासून बसणं हा मुलाच्या मेहनतीवर अन्याय आहे. सफाई सरावाच्या आठवड्यात करा. साफ करताना लक्ष ठेवायचं ते चेंबरच्या पुढच्या भागावर. तिथे काजळी आणि शिसं मिळून कडक कडं बनतं. पहिला पॅच बाहेर आला की उजेडात धरा. मध्ये तेलकट काळपट डाग दिसेल, कडेला करडी, चमकदार रेघ. ती रेघ शिशाची. पॅच फक्त फिकट राखाडी यायला लागला की थांबा. दुधासारखा पांढरा पॅच निघेपर्यंत घासायची गरज नाही.

द्रावणाची एकच बाटली पुरे. अमोनियाचा उग्र वास येणारं द्रावण तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांसाठी असतं, आपल्याला ते लागतच नाही. शिसं आणि काजळी काढणारं साधं बोअर सॉल्व्हंट घ्या. ब्रश नायलॉनचा पुरतो, कांस्याचा फक्त ते कडं हटत नसेल तेव्हा. नळीचं तोंड किंचित खाली झुकवून ठेवा, म्हणजे द्रावण दस्त्यात आणि ट्रिगरमध्ये उतरणार नाही.

एअर रायफलवाल्यांनो, तुमचं सामान वेगळं आहे. दोन-तीन डबे छर्रे झाले की एकदा फेल्टची सफाई पुष्कळ होते. नायलॉनच्या दोरीला फेल्ट किंवा कापड अडकवून मागून पुढे ओढायचं. आणि हात जोडून सांगतो, हवेच्या मार्गात तेल घालू नका. शिलाई मशीनचं नाही, गंज सोडवायचा फवारा नाही, खोबरेल तर मुळीच नाही, ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. सिलिंडरमधली हवा २०० बारच्या दाबाची असते. दाबाखाली हवा झटक्यात तापते आणि तेलाची वाफ पेटू शकते. स्प्रिंगच्या रायफलीतही हाच धोका, शिवाय सील जळतात. रबरी ओ-रिंगला कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकावर येईल इतकंच.

हे सगळं करण्याआधी बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यानं बघा, बोटानं चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. पॉइंट टू-टू परवान्याची रायफल आहे, ती आणि तिच्या गोळ्या ही घरातल्या मोठ्या माणसाची जबाबदारी. साफ करायला जेवणाचं टेबल नको, खिडकीजवळ जुना कागद पसरून बसा. वापरलेल्या चिंध्यांत शिसं असतं. त्या पिशवीत बांधून टाका, लहान मुलांना हात लावू देऊ नका, आणि चहाचा कप हातात घेण्याआधी साबणानं हात धुवा. ही गोष्ट मुलांना पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे, कारण शिसं शरीरात साठत जातं आणि वाढत्या वयाला त्याचा त्रास जास्त.

शेवटी पावसाळा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातच नव्हे, जुलैत कोल्हापुरातही फोमच्या बंद केसमध्ये ओल धरते. रेंजवरून आल्यावर केस उघडी टाका, रायफल बाहेर काढून पुसा, धातूवर तेलाचा जेमतेम थर द्या. ती केसमध्येच ठेवायची असेल तर सिलिका जेलच्या पुड्या घाला. रंग बदलणाऱ्या पुड्या मिळतात, त्या मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. पॉइंट टू-टू महिनाभर पडून राहणार असेल तर नळीतही तेलाचा हात फिरवा, पण त्या दिवशी केसवर चिठ्ठी चिकटवा, "नळीत तेल आहे." पुन्हा रेंजवर जाताना पहिली गोळी भरण्याआधी दोन कोरडे पॅच मागून पुढे काढा, आणि मगच बोल्ट बसवा.

नमस्कार.