थरच्या वाळूतलं फुरसं

मित्रहो, फुरसं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गातला कातळ येतो. मी आज त्याच्या वाळवंटातल्या भाईबंदाबद्दल बोलणार आहे. प्रजाती एकच, उपप्रजाती वेगळी. थरपासून सिंध, इराण आणि पुढे ओमानपर्यंत ती पसरली आहे. पश्चिम राजस्थानात तिला बांडी म्हणतात. कोकणातलं फुरसं जेमतेम हातभर. बांडी 80 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते.

तिची कूस जवळून बघा, अर्थात फोटोत. तिथल्या खवल्यांच्या काही रांगा तिरक्या बसलेल्या असतात आणि प्रत्येक खवल्याच्या कण्याला करवतीसारखे बारीक दाते असतात. डिवचलं की ती अंगाची वळणं एकमेकांवर घासते आणि खर्रर्र असा आवाज सुरू होतो. फुत्कार टाकायचा तर श्वासाबरोबर बाष्प बाहेर जाणार. वाळवंटात तेवढंही पाणी वाचावं म्हणून ही सोय झाली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. मला तो पटतो.

दिवसा ती वाळूत अंग पुरून घेते, डोकं तेवढं वर. कधी तापलेली जमीन टाळायला झुडपावर चढून बसते. अंधार पडला की बाहेर पडते, आणि विंचू, गोम, पाली, उंदीर, जे सापडेल ते खाते. भुसभुशीत वाळूवर ती अंग उचलून तिरकी सरकते, त्यामुळे सलग रेघ न उमटता तिरप्या, सुट्या रेघांची ओळ उमटते. आणि ही अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते.

आता विषाकडे येतो. या विषातलं इकॅरिन नावाचं द्रव्य रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनला, म्हणजे रक्त गोठवायला लागणाऱ्या एका प्रथिनाला, चेतवतं. रक्त गोठवण्याची सगळी यंत्रणा एकदम कामाला लागते, ज्यापासून गुठळी बनते ते फायब्रिनोजेन संपून जातं, आणि मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. ग्रामीण दवाखान्यात याची परीक्षा अगदी साधी आहे: काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत 2 मिलिलिटर रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग नळी एकदाच कलती करायची. रक्त वाहिलं तर विष चढलंय. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या नळीत चांगलं रक्तही नीट गोठत नाही. याच सापाच्या विषातल्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या धर्तीवर टिरोफिबॅन हे हृदयरोग्यांना देण्याचं औषध तयार झालं.

माझं खरं म्हणणं पुढे आहे. आपली प्रतिविषं नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्यांना टोचून, त्यांच्या रक्तातून बनवतात. हे विष बहुतांश तमिळनाडूतून, 1978 साली स्थापन झालेल्या, साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. त्या लोकांचं कसब अजोड आहे. पण दक्षिणेतल्या फुरशाचं विष आणि बांडीचं विष यांच्या घटकांत फरक आहे. बांडी चावलेल्या काही रुग्णांना भरपूर प्रतिविष देऊनही रक्त गोठायला लागत नाही, हे राजस्थानातल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. म्हणून प्रतिविष बनवताना घोड्यांना थरमधलं विषही टोचलं गेलं पाहिजे.

तोवर बांडी चावली तर सरळ दवाखाना गाठायचा. आज मिळतं त्या प्रतिविषानेही माणसं वाचतात. पट्टी आवळून, चीर देऊन, मंत्र घालून रक्तस्राव थांबत नाही.