एका छापामागे

(दृश्य : चाचणी प्रयोगशाळा)

हे डोकं धातूचं आहे. त्यावर नवंकोरं हेल्मेट चढवलंय, पट्टा हनुवटीखाली आवळलाय. डोक्याच्या आत धक्का मोजणारा एक सेन्सर बसवलाय. यंत्र आता हे सगळं वर उचलेल आणि खालच्या पोलादी ऐरणीवर सोडून देईल.

(धडक)

तेच पुन्हा, संथ गतीने. कवच ऐरणीला टेकतं, थोडं चपटं होतं, उसळतं. बाहेरून फारसं काही झाल्यासारखं दिसत नाही. पण अस्तर काढल्यावर बघा. हा पांढरा थर, ज्याला आपण सरसकट थर्माकोल म्हणतो, इथे अंगठा बसेल एवढा खचलाय. तो खचला म्हणूनच धक्का आत पोचेपर्यंत बोथट झाला. संगणकाच्या पडद्यावरची ही रेघ तेच सांगते. रेघेचं टोक जितकं उंच, तितका मेंदूला बसणारा हिसका मोठा. मानकाने आखून दिलेली मर्यादा ओलांडली की हेल्मेट नापास.

आयएसआयचा छाप मिळवायला एकदा आपटून भागत नाही. एक हेल्मेट तापवून आपटायचं, एक गारठवून, एक भिजवून. कारण गाडी नागपूरच्या मे महिन्यातही चालते आणि कोकणातल्या पावसातही. कधी सपाट ऐरणीवर, कधी फुटपाथच्या दगडी कडेसारख्या ऐरणीवर. पट्ट्याची परीक्षा वेगळी, कारण हेल्मेट आधीच निसटून गेलं तर त्याच्या मजबुतीचा उपयोग काय? कोपऱ्यातली ही रास पाहा. यातली कितीतरी हेल्मेटं पास झालेली आहेत, आणि यातलं एकही आता कुणाच्या डोक्यावर जाणार नाही.

काय तापवायचं, किती तापवायचं, कशावर आणि किती वेगाने आपटायचं, हे ज्या मानकात लिहिलंय त्याचा क्रमांक आयएस, म्हणजे इंडियन स्टँडर्ड, ४१५१. कुणा एका कारखानदाराने ते लिहिलेलं नाही. एकट्याला ते परवडलंही नसतं, आणि त्याने लिहिलं असतं तर बाकीच्यांनी मानलं नसतं. असं काम सरकारने पैसा घातला तरच होतं. आपल्याकडे त्या पैशाची सुरुवात ऐंशी वर्षांहून जुनी आहे.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

हे डॉ. शांतिस्वरूप भटनागर, लाहोरच्या पंजाब विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ. रावळपिंडीच्या बाजूला तेलविहिरी खोदणाऱ्या अटक ऑइल कंपनीपुढे एक अडचण उभी होती. खोदताना विहिरीत पातळ चिखल सोडावा लागतो. त्याला खारं पाणी लागलं की तो घट्ट व्हायचा आणि काम ठप्प. भटनागरांनी त्यात आपल्याकडचा डिंक मिसळून पाहिला. चिखल पुन्हा वाहता झाला. खूश होऊन अटक ऑइलचं काम पाहणाऱ्या स्टील ब्रदर्स या लंडनच्या कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. भटनागरांनी ते विद्यापीठाकडे वळवले.

पण दर अडचणीला असा दाता भेटत नसतो. दुसरं महायुद्ध पेटलं आणि बाहेरून येणारा माल अडला. औषधं, रंग, काच, यंत्रांचे सुटे भाग, सगळंच. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या रामस्वामी मुदलियारांनी सरकारकडे आग्रह धरला आणि १९४० मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ उभं राहिलं. सूत्रं भटनागरांच्या हाती, वर्षाचा खर्च ५ लाख. पुढच्याच वर्षी मध्यवर्ती विधिमंडळाने औद्योगिक संशोधन निधी मंजूर केला, ५ वर्षं, दर वर्षी १० लाख. २६ सप्टेंबर १९४२ ला सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, जन्माला आली. १९४४ मध्ये प्रयोगशाळा बांधायला सरकारने १ कोटी दिले, टाटांनी २० लाख घातले.

(दृश्य : पाषाण रस्ता, पुणे)

पुण्याच्या पाषाण रस्त्यावरची ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्याच धडपडीतून उभी राहिली. ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. २१ जानेवारीला दिल्लीत सरदार पटेलांनी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं. राज्यघटना लागू व्हायला अजून पाच दिवस होते. फाळणीचे घाव ओले होते, तिजोरीत खडखडाट होता, तरी या इमारतींना पैसा मिळाला.

संशोधनाबरोबर मोजमापही हवं होतं. ६ जानेवारी १९४७ ला इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन सुरू झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेला आयएसआय मार्क आपल्या तोंडी बसलाय. १९८७ पासून ती भारतीय मानक ब्यूरो झाली, तरी दुकानात कुणी ‘ब्यूरोचा मार्क दाखवा’ म्हणत नाही. आणि पहिलं मानक, आयएस १, कशाचं होतं? सिमेंटचं नाही, पोलादाचंही नाही.

(दृश्य : हुबळी, बेंगेरी)

राष्ट्रध्वजाचं. १९५१ चं मानक. हुबळीच्या या खादी संघात त्यातली ओळ न् ओळ हाताने पाळली जाते. हातांनी सूत कातायचं, हातमागावर विणायचं, धुऊन रंगवायचं. ही ताई भिंगाखाली कापड धरून उभे-आडवे धागे मोजते आहे. एखादा कमी भरला तर तागा बाजूला. केशरी आणि हिरव्याची छटा डोळ्यांच्या भरवशावर सोडलेली नाही, तीही ठरलेली आहे. अशोकचक्र कापडाच्या दोन्ही बाजूंनी छापतात. आता ध्वज उजेडासमोर धरलाय, चोवीस आरे बघा. पुढचा आरा मागच्यावर तंतोतंत बसलाय. बसला नाही तर तो ध्वज नापास. सर्वांत मोठा ध्वज ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा, सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटरचा. नियम दोघांना सारखाच. शेवटी या शिंप्याने दोरीला लाकडी खुंटी अडकवली की काम पुरं.

(दृश्य : यंत्रावरचा छोटा स्टिकर)

पुन्हा हेल्मेटच्या चाचणी प्रयोगशाळेत. यंत्राच्या बाजूला चिकटवलेला हा कागदाचा तुकडा सहज नजरेतून सुटेल. त्यावर कॅलिब्रेशनची तारीख आहे. आतला सेन्सर खरं बोलतो की नाही, हे त्याच्याहून अचूक उपकरणाशी ताडून पाहिलंय. ते उपकरण त्याहून अचूक उपकरणाशी. ही साखळी थेट दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. भारताचा प्रमाण किलो, प्लॅटिनम-इरिडियमचं ५७ क्रमांकाचं वजन, तिथेच जपलेलं आहे. २० मे २०१९ पासून किलोची जागतिक व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, गेली, पण साखळी जोडलेली ठेवायचं काम तेच आहे. भाजीवाल्याच्या काट्यापासून या सेन्सरपर्यंत सगळ्यांची मुळं तिथे आहेत, आणि ही मुळं कुणी विकत घेत नाही. ती सांभाळावी लागतात.

(दृश्य : मतदान केंद्र, बोटावर शाई)

ही शाईही तिथलीच. सिल्व्हर नायट्रेटची, उजेड लागला की काळी पडणारी. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तयार झाली आणि १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते आहे. एका छोट्या संशोधनाने देशभरच्या मतदारांच्या बोटावर आपली खूण ठेवली.

मानक एकदा लिहिलं की संपलं, असंही नाही. आयएस ४१५१ वर समितीत वाद झाले आहेत. जड हेल्मेट उन्हात डोक्यावर टिकत नाही, लोक ते आरशाला अडकवतात. मार्च २०१८ मध्ये एम्सचे डॉक्टर आणि ब्यूरोचे तज्ज्ञ असलेल्या समितीने हलक्या हेल्मेटची शिफारस केली आणि मानक बदललं. वजनाची मर्यादा दीड किलोवरून १.२ किलोवर आली. कारखानदार, डॉक्टर, अभियंते, ग्राहक एका टेबलाशी बसतात आणि ग्रॅमवरून भांडतात. मला या भांडणाबद्दल फार आदर वाटतो. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्कशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे.

(दृश्य : महामार्ग, रात्र)

२०२२ मध्ये देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतल्या दुचाकीवरच्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

(दृश्य : प्रयोगशाळेचा बोळ, बंद दारं)

२०२०-२१ मध्ये संशोधन आणि विकासावर आपण देशाच्या सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च केला. २०२५ मध्ये केंद्राने खासगी संशोधनाला स्वस्त कर्जासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर केली. तिचं स्वागतच. पण नवं काही शोधणाऱ्याइतकाच, ते तपासणाऱ्याचाही सरकारी पैशावर हक्क आहे. या बोळातल्या प्रत्येक दारामागे एखादं यंत्र आहे, आणि त्याला दर वर्षी तारखेचा नवा स्टिकर लागतो.

(दृश्य : रस्त्याकडेचं हेल्मेटचं दुकान)

मार्क नुसता असून पुरत नाही, तो नकलीही छापता येतो. छापाच्या वर आयएस क्रमांक हवा आणि खाली सीएम/एल लिहून परवान्याचा क्रमांक. तो मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. कॉलेजला जाणारी ही मुलगी तेच करते आहे. पहिल्या हेल्मेटवर क्रमांकच नाही, तिने ते परत दिलं. दुसऱ्याचा क्रमांक टाइप केला. दुकानदारही मान वळवून तिच्या मोबाइलकडे बघतोय.