हुश्श

(कर्जत स्थानक. गाडीच्या शेपटीला इंजिन जोडलं जातंय.)

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबते. पुढे घाट आहे. तो चढायला मागून इंजिनं जोडतात, रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात. तेवढ्यात खिडकीशी गरम वडे येतात. पाच वर्षांपूर्वी माझ्याही हातात असाच एक वडा होता. तो खायचा राहिला.

गाडी बोगद्यात शिरली आणि छातीत धडधड सुरू झाली. कारण काहीच नाही. बोगदा संपला, धडधड संपेना. समोर बसलेल्या आजी म्हणाल्या, "खोल श्वास घे गं बाळा. घे, अजून घे." मी घेत गेले. मग ओठांना मुंग्या आल्या, बोटं आकडली, डोळ्यांपुढे अंधारी आली. हार्ट अटॅकच, दुसरं काय! लोणावळ्याला उतरवून मला दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा 99. हवा पुरत नाही म्हणून मी जिवाच्या आकांताने श्वास ओढत होते, आणि रक्तात ऑक्सिजन काठोकाठ भरलेला!

घटला होता तो कार्बन डायऑक्साइड. भराभर श्वास ओढले की तो गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. मग मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, मुंग्या येतात. मुंग्या आल्या की माणूस आणखी घाबरतो, आणखी श्वास ओढतो. आजींचा काही दोष नाही. घाबरलेल्या माणसाला आपण सगळेच हे सांगतो.

खरं तर आपल्या भाषेला यातलं मर्म ठाऊक असावं. संकट टळलं की तोंडून काय निघतं? हुश्श! श्वास आत घेता घेता म्हणून बघा हुश्श. जमणार नाही. सुटकेचा असतो तोही निःश्वासच.

(मनगटावर टेकलेली दोन बोटं.)

श्वास आत येताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर जाताना मंदावतात. नाडीवर बोट ठेवून शांत बसलं तर एखाद्या वेळी हा फरक हाताला लागतो. मेंदूपासून थेट पोटापर्यंत गेलेला व्हेगस नावाचा चेतातंतू आहे, हृदयाला लगाम घालायचं काम त्याचं. श्वास सोडताना हा लगाम जरा आवळला जातो. एरवी आपण मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. ते सहा-सातावर आणले आणि सोडणं लांबवलं, की धडधड बहुतेक वेळा उतरू लागते. एका झटक्यात नाही. पाच-दहा मिनिटं तरी द्यावी लागतात.

(लोणावळा. कैवल्यधामचं आवार, सकाळ.)

मला जिथे उतरवलं त्याच गावात 1924 साली जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी कैवल्यधाम ही योगसंस्था उभी केली. योगक्रिया चालू असताना शरीरात नेमकं काय होतं, हे ते एक्स-रे आणि मोजमापाची यंत्रं लावून तपासत. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. चमत्काराच्या गोष्टी सांगण्यापेक्षा मोजून बघणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

मी शिकले ते अगदी साधं. पूरक एक, तर रेचक दोन. तीन आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नाही. नाकाने, आवाज न करता, पोटावर हात ठेवून. आणि घाबरायला होत असताना जोरजोरात कपालभाती तर नकोच. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय, सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा श्वास, नाहीतर तो साधकालाच मारतो.

(कसारा घाट. पाऊस.)

दुसऱ्या घाटाच्या माथ्यावर, इगतपुरीला, रीत वेगळी. सत्यनारायण गोएंका 1969 साली ब्रह्मदेशातून विपश्यना ही ध्यानाची पद्धत घेऊन भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रातल्या दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे साडेतीन दिवस एकच काम असतं : नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघत राहणं. मोजायचा नाही, लांबवायचा नाही. भरकटलेलं मन शंभरदा परत आणायचं. ऐन घबराटीत मला हे कधीच जमलं नाही, तेव्हा मोजणंच कामी येतं. पण रोज सकाळी वीस मिनिटं असं बसायला लागल्यापासून धडधडीची चाहूल लवकर लागते. मनाचा आजार गंभीर असेल, तर मात्र अशा मौनशिबिराला जाण्याआधी डॉक्टरांशी बोलायला हवं.

मी गोळ्याही घेतल्या, आठ महिने. श्वासाने सगळं बरं होतं असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेलं बरं. आणि छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर आधी ईसीजी, मोजणं नंतर. झोप उडाली, कामावर जाववत नाही, जगणं नको वाटतं, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416. मराठीतही बोलता येतं.

(पुन्हा गाडी. बोगदा. खिडकीच्या काचेत चेहरा.)

परवा पुन्हा घाट चढले. अंधार झाला, पोटात गोळा आला. तीन... सहा. तीन... सहा. समोरच्या पोराने विचारलं, "मावशी, काय मोजताय?"

म्हटलं, "बोगदे."

वडा खाल्ला या खेपेला. जरा गार झाला होता.