सम कुठे आहे?

(दृश्य: पुणे, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. श्रोत्यांचे चेहरे.)

डिसेंबरातली संध्याकाळ. पंडित भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव. लांब तान संपवून गायक मुखडा, म्हणजे बंदिशीची (गायच्या रचनेची) सुरुवातीची ओळ, धरतो आणि मंडपभर माना एकदम हलतात. ती सम, तालाची पहिली मात्रा, म्हणजे मोजणीतला पहिला ठोका. नवखा श्रोता चकित होतो: ही जागा सगळ्यांना आधीच कशी कळली?

मैफल बड्या ख्यालाने, म्हणजे संथ लयीतल्या गायनाने, सुरू होते, म्हणून तोही तिथूनच ताल शोधू लागतो, आणि हरवतो. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात मात्रा 12च. पण एक मात्रा चार सेकंदांची धरली, तर आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, होतं 48 सेकंदांचं. इतका वेळ मोजणी टिकत नाही.

आधी छोटा ख्याल ऐकावा, मध्यलय (मध्यम गतीच्या) तीनतालातला. मात्रा 16.

(दृश्य: डग्ग्यावरचा हात, जवळून.)

मोजण्याआधी डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डावा, खर्जाचा भाग, ऐका. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. घुमतोय. नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे तालातली टाळी न देण्याची जागा: धा तिं तिं ता, ता... घुमारा गेला, नुसता तबला वाजतोय. चौदाव्या मात्रेला डग्गा परत बोलतो: धिं धिं धा, आणि सम! ही खूण फोनच्या छोट्या स्पीकरवर सापडत नाही, कारण डग्ग्याचा खर्ज त्यातून नीट येतच नाही. इयरफोन लावा.

पुष्कळ बंदिशींचा मुखडा खालीपासूनच उठतो. त्यातलं नेमकं कोणतं अक्षर समेवर पडतं, तेवढं कानात बसू द्या. एकच ध्वनिमुद्रण चार-पाच वेळा ऐकावं लागेल. मग आलापात, तानेत गायक कुठेही जावो, ते अक्षर परत येताना ओळखू येतं.

रागाचं नाव ओळखायची घाई मात्र नको. भूप आणि देशकार, दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. फरक चलनात, म्हणजे स्वर कसे फिरतात त्यात, आहे. तो कळायला वेळ लागतो, आणि तो द्यावा.

(दृश्य: तानपुरे, विलंबित ठेका.)

आता पुन्हा बडा ख्याल. एकतालात ‘तिरकिट’ हा तबल्याचा बोल दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्यानंतर तू, ना. दुसऱ्यानंतर धी, ना. गायक मुखडा उचलतो तो बहुधा इथेच.